एकच छापील कागद, सगळ्या हृदयांसाठी?

चंदीगढच्या सेक्टर ३४ मधील शिकवणी वर्गांत वैद्यकीय प्रवेशपरीक्षेची तयारी करणारा कोणताही विद्यार्थी सांगेल, की हृदयाची गती चेतातंतूंच्या ताब्यात असते. तेथून जवळच, सेक्टर १२ मधील पीजीआयमध्ये, हृदयप्रत्यारोपण होते आणि त्यात हेच तंतू कापले जातात. त्यामुळे नवे हृदय विश्रांतीतही मिनिटाला ९० ते ११० ठोके देते, रक्तातील ॲड्रेनलिनची वाट पाहत सावकाश वेग घेते आणि थांबल्यावरही लवकर शांत होत नाही. अशा रुग्णाला ‘२२० वजा वय’ या सूत्राने नाडी मोजत चालायला लावणे हे विज्ञान नव्हे.

तरीही घरी जाताना अनेकांच्या हाती एकच कागद पडतो : रोज अर्धा तास चाला, जड उचलू नका. महाधमनी फाटून शिवलेल्या माणसाचा धोका रक्तदाबात असतो. संधिवाती तापाने झडप निकामी होऊन ती बदललेल्या तरुणीची नाडीच कित्येकदा अनियमित असते. बीटा-ब्लॉकर घेणाऱ्याचे ठोके औषधानेच रोखलेले असतात. या तिघांना एकच सल्ला कसा पुरेल?

वैयक्तिक आखणीचा उपयोग होतो का, हा प्रश्न रास्त आहे. अमेरिकेतील रिहॅब-एचएफ चाचणीत (२०२१) हृदय अकार्यक्षमतेच्या ३४९ वृद्ध रुग्णांपैकी निम्म्यांसाठी तोल, ताकद, हालचाल आणि दम यांनुसार व्यायाम आखला. तीन महिन्यांनी त्यांचा शारीरिक क्षमतेचा गुणांक १२ पैकी ८.३ होता, इतरांचा ६.९. पुन्हा दाखल होण्याचे प्रमाण मात्र लक्षणीय घटले नाही, हेही सांगितले पाहिजे. ते रुग्ण शस्त्रक्रियेचे नव्हते. पण अशक्त शरीराचे गणित तेच आहे.

‘मनुष्यबळ नाही’ हे उत्तर मला अर्धेच पटते. फिजिओथेरपिस्ट अपुरे आहेत, हे खरे. पण सहा मिनिटांच्या चालचाचणीला तीस मीटरचा व्हरांडा आणि घड्याळ लागते. श्रमाची जाणीव ६ ते २० अंकांत सांगणारी बोर्ग मोजपट्टी तर एका कागदावर मावते, आणि प्रत्यारोपित हृदयाला नाडीपेक्षा तीच उपयोगी.

मुंबईच्या के.ई.एम.मध्ये डॉ. पी. के. सेन यांनी फेब्रुवारी १९६८ मध्ये, बर्नार्ड यांच्यानंतर अवघ्या अडीच महिन्यांत, हृदय बदलले. रुग्ण काही तासच जगला. आज असे रुग्ण वर्षानुवर्षे जगतात, आणि त्यांच्या घरी परतण्याच्या कार्डावर औषध मिलिग्रॅममध्ये लिहिलेले असते. व्यायामापुढे मात्र ‘चाला’ एवढेच.