वळण घेताना बल कुठून येतं?

राजेंद्र नगरच्या शेजारी असलेल्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्राला आपल्याकडे अजूनही सगळे ‘कॅट’च म्हणतात. १९८४ साली त्याची पायाभरणी झाली. तिथल्या इंडस-२ यंत्रात इलेक्ट्रॉन १७२.५ मीटर परिघाच्या कड्यात फिरतात, सेकंदाला सुमारे १७ लाख फेऱ्या!

बल म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण, हे सगळ्यांना पाठ असतं. (हिंदी पुस्तकातलं ‘द्रव्यमान’ म्हणजेच आपलं वस्तुमान.) पण त्वरण म्हटलं की डोळ्यांपुढे येतं ते स्कूटरचं ॲक्सिलरेटर पिळणं. इंडस-२ मध्ये शिरतानाच इलेक्ट्रॉनचा वेग जवळजवळ प्रकाशाइतका असतो, तो आणखी फारसा वाढत नाही. तिथले मोठाले चुंबक त्यांना फक्त वळवतात. वेग तोच, दिशा बदलली, तरी ते त्वरणच. म्हणून बल लागतं, आणि तेही प्रचंड. पूर्ण ऊर्जेला पोचलेला इलेक्ट्रॉन वळवताना मूळच्या सुमारे ४९०० पट जड असल्यासारखा वागतो.

माझा भाचा नुकताच अठरा वर्षांचा झाला, लायसन्सही मिळालं. त्याचा प्रश्न होता, “मामा, मागे कुणी बसलं की गाडी जड होते, मग वळणावर रस्ता जास्त घट्ट धरेल ना?”

प्रश्न हुशारीचा आहे. स्कूटरला वळवायला चुंबक नाही, टायर आणि रस्ता यांच्यातलं घर्षण आहे. वजन वाढलं की घर्षण वाढतं हे खरं, पण वळवायला लागणारं बलही तितक्याच पटीने वाढतं. वस्तुमान दोन्हीकडून कटतं. उरतो वेग, आणि तोही वर्गात: वेग दुप्पट, तर बल चौपट.

१५ मीटर त्रिज्येचं वळण धरून मी त्याला ढोबळ हिशेब मांडून दिला. कोरड्या रस्त्यावर ताशी साधारण ३६ किलोमीटरपर्यंत निभतं, ओल्यावर २७ आणि रेती पसरली असेल तर २० च्याही आत. पहिल्या पावसात रस्त्यावरचं तेल वर येतं, तेव्हा तर २७ वरही विसंबू नये.

“मग वळणावर ब्रेक मारीन,” तो म्हणाला. तिथेच तर गोम आहे. ब्रेकलाही तेच घर्षण लागतं. ते आधीच वळण्यात खर्ची पडलेलं असेल, तर ब्रेकच्या वाट्याला काय उरणार? म्हणून वेग कमी करायचा तो वळणाच्या आधी, गाडी सरळ असताना.