वेल आणि कात्री

पावसाळा तोंडावर आला की अनेक श्रावक-श्राविका एकच प्रश्न विचारतात : उन्हाने तापणारी भिंत वर्षभरात झाकून टाकील अशी वेल कोणती? रोपवाटिकेत उत्तरही ठरलेले मिळते : मधुमालती किंवा थनबर्जिया. ते चुकीचे नाही. मात्र जी वेल वर्षभरात भिंत झाकते ती दुसऱ्या वर्षी तेथेच थांबत नाही. मग कात्री हाती घ्यावी लागते, आणि ती पुढे खाली ठेवता येत नाही.

आपल्या घरी याचा विचार अधिक व्हावयास हवा. वनस्पतिकाय हे एकेंद्रिय जीव. त्यांची हिंसा गृहस्थाला सर्वस्वी टाळता येत नाही. परंतु आचार्य समंतभद्रांनी 'रत्नकरंड श्रावकाचारा'त निष्प्रयोजन वनस्पती तोडण्याची गणना प्रमादचर्येत केली आहे. केवळ घाईने निवडलेल्या वेलीची वर्षानुवर्षे चालणारी छाटणी तिच्यातच मोडते, असे मला वाटते.

म्हणून आधी जागा मोजावी. गॅलरीच्या जाळीला गोकर्ण पुरेसा आहे. बी रात्रभर भिजवून पावसाच्या आरंभी पेरावे. साधारण दोन महिन्यांत फुले येतात. वेल ८-१० फुटांच्या आसपास राहते, तिला सुतळीचा आधारही चालतो. शेंगवर्गीय असल्याने मुळांवरील गाठींतून नत्र मिळते, खताची फारशी गरज पडत नाही.

मधुमालती मात्र २० फूट सहज चढते, आणि खोड जड होते. भक्कम लोखंडी मांडव आणि मोकळी जागा असेल तरच ती लावावी. संध्याकाळी पांढरी उमलून पुढे गुलाबी, मग लाल होणारी तिची फुले पाहिली की मोह होतो, हे खरे! फुले नव्या फुटव्यांवर येतात. त्यामुळे बहर संपल्यावर हिवाळ्यात एकदाच छाटावी, तीही आत पक्ष्याचे घरटे नाही ना हे पाहून.

निळ्या फुलांची थनबर्जिया मी कोणालाच सुचवीत नाही. तिची मुळे कंदासारखी फुगतात. वरून कापली तरी पुन्हा फुटते, काढावयाची तर जमीन खणावी लागते. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँडमध्ये तिने जंगलातील झाडेही झाकून टाकली आहेत.

कृष्णकमळाचा प्रश्न निराळा. एका फुलपाखराच्या अळ्या त्याची पाने थव्याने खातात. त्या त्रस जीवांवर फवारणी करावयाची नसेल, तर कुरतडलेली पाने पाहण्याची तयारी हवी. ती नसेल तर ही वेल लावूच नये.

लसूणवेलीचे नाव ऐकून काही घरांत नाके मुरडली जातात. तिचा लसणाशी काही संबंध नाही. पाने चुरगाळली की तसा वास येतो, इतकेच. जांभळ्या फुलांची ही वेल मध्यम जागेस उत्तम.

वेल कोणतीही असो, आधार आधी उभारावा आणि रोप मागाहून लावावे. नंतर खांब रोवताना मुळे दुखावतात.