पुराचा हिशेब आपल्या वहीतही असू द्या

सप्टेंबर १८७२ मध्ये गिरणा-पांझरा नद्यांना महापूर आला. धुळ्यातली ५०० घरं गेली, खानदेशातल्या १५२ गावांना तडाखा बसला आणि गॅझेटियरात १६ लाखांच्या नुकसानीची नोंद झाली. आकडा उरला. त्यात कोणाचा बैल धरला आणि कोणाचा सुटला, हे मात्र घरोघरच्या नोंदीवाचून कळत नसतं.

३१ ऑगस्ट २०२१ ला कन्नड घाटात पाऊस कोसळला, तितूर-डोंगरी नद्यांचं पाणी चाळीसगावात शिरलं आणि शेकडो गुरं वाहून गेली. २०२२ ते २६ च्या केंद्राच्या आपत्ती-मदतीच्या निकषांत दगावलेल्या दुभत्या गाई-म्हशीला ३७,५०० रुपये ठरवले होते. पण जे जनावर सापडलंच नाही, ते आपल्या दावणीला होतं हे दाखवणार कसं? गुरांच्या कानातल्या बिल्ल्याचा १२ अंकी नंबर आजच मोबाइलमध्ये टिपून ठेवा, डेअरीचं पुस्तक जपा.

त्याच निकषांत जिरायतीला हेक्टरी ८,५०० आणि बागायतीला १७,००० रुपये ठरवले होते, तेही ३३ टक्के वा जास्त नुकसान असेल तर. ही मदत झाली. नुकसान त्याहून कितीतरी मोठं असतं. बियाणं, खत, निंदणीची मजुरी, गाळात गेलेली मोटर, वाहून गेलेल्या ठिबकच्या नळ्या, सगळं तारखेसह लिहा. खरडून गेलेली माती तर पैशाने भरून येत नाही. ती किती फूट गेली, हे मोजून फोटो काढा.

कपाशी आणि केळीचं नुकसान उशिरा दिसतं. मुळाशी पाणी साचलं की हिरवीगार कपाशी चार दिवसांनी माना टाकते. केळीची मुळं आत सडतात, पानं मागाहून पिवळी पडतात. पंचनाम्याच्या दिवशी बाग हिरवी दिसली, तर कागदावर नुकसान कमी लागतं. म्हणून पंचनामा वाचल्याशिवाय सही करू नका. पीक नंतर बसलं तर फेरपाहणीचा अर्ज तहसीलला द्या आणि पोच घ्या. ई-पीक पाहणी वेळेत झालेली असू द्या. सातबाऱ्यावर पीकच नसेल तर बोलायला जागा राहत नाही.

आणि ज्यांच्या नावावर सातबारा नाही, त्यांचं काय? वेचणीचा रोज बुडालेला मजूर, बटाईने कसणारा, बाजारातला टपरीवाला पीक-पंचनाम्यात येत नाहीत. पूर ओसरला की गावाने ग्रामसभेत एक वही करावी. तिच्यात यांची नावं आणि बुडालेली रक्कम सगळ्यांत आधी लिहा, आणि वहीची प्रत तहसीलदारांकडे द्या.