थंडी नेली अस्मानाने, भाव नेला सुलतानाने



गावात साहेब आले की एक वाक्य हमखास ऐकायला मिळते, ‘पंजाबचा शेतकरी हेक्टरी 45 क्विंटलच्या पुढे गहू काढतो, तुमची गाडी 20 च्या अलीकडेच का अडकते?’ या प्रश्नाच्या पोटात शिवी दडलेली असते. तुम्ही आळशी, तुम्ही अडाणी. आज या शिवीचा हिशेब मांडू.

पंजाबात गहू नोव्हेंबरात पेरतात आणि बैसाखीला, एप्रिलच्या मध्यावर कापतात. म्हणजे पीक पाच महिने रानात उभे असते. आमच्या परभणी जिल्ह्यात गहू 105 ते 115 दिवसांत पिवळा पडतो. वाढीच्या काळात गव्हाला 7 ते 21 अंश तापमान मानवते, दाणा भरताना 25 अंशांच्या आसपास. आमच्याकडे महाशिवरात्र झाली की थंडी काढता पाय घेते. ऊन तापले की गहू घाईला येतो. फुटवे कमी, निसवण लवकर, चीक भरायला दिवस अपुरे आणि शेवटी दाणा चिमलेला. खत दुप्पट टाकले म्हणून गेलेली थंडी परत येत नाही. शिवाय पंजाबच्या जवळजवळ सगळ्या गव्हाला पाणी आहे. आमच्या किती रानांना आहे, ते साहेबांनीच मोजावे.

आमची चूक काहीच नाही, असे आम्ही म्हणत नाही. बागायती गव्हाची वेळेवरची पेरणी म्हणजे 1 ते 15 नोव्हेंबर. त्यानंतर प्रत्येक पंधरवड्याच्या उशिराला हेक्टरी अडीच क्विंटल, म्हणजे एकरी एक क्विंटल घट धरा, हे कृषी विद्यापीठे वर्षानुवर्षे सांगत आली आहेत. 15 डिसेंबरला पेरले तर एकरी दोन क्विंटल गेले. 2025 च्या रब्बी गव्हाला जाहीर झालेल्या 2585 रुपये हमीभावाने ते 5170 रुपये होतात. पण उशीर आम्ही हौसेने करत नाही. शेवटच्या वेचणीच्या कापसावर देणेकऱ्याचा डोळा असतो, म्हणून पऱ्हाटी उपटवत नाही. उपटली तर कालव्याच्या पाळीची तारीख कळलेली नसते. पाण्याचा भरवसा नसताना बी मातीत घालायचे कोणाच्या जिवावर?

कोरडवाहू भाऊ म्हणतील, गव्हाशी आमचे काय देणेघेणे? आहे. रब्बी ज्वारीचा हंगाम म्हणजे काळ्या रानातली ओल. 15 सप्टेंबर ते 15 ऑक्टोबरच्या दरम्यान पेरणी साधली तर ज्वारी त्या ओलीवर तगते. परतीचा पाऊस लांबून वाफसा हुकला की पोटरीत येण्याच्या वेळीच रान भेगाळते. परभणीच्या विद्यापीठाने ‘परभणी मोती’, ‘परभणी ज्योती’ अशी चांगली वाणे दिली. पण वाण कितीही चांगले असले तरी त्याला आटलेली ओल आणता येत नाही. हंगाम आखूड झाला की गहू असो वा ज्वारी, मार सारखाच.

अस्मानी आम्ही पिढ्यान्‌पिढ्या सोसत आलो. सुलतानी का सोसावी?

2022 चा मार्च आठवा. 1901 पासूनच्या नोंदींत देशातला तो सर्वांत तापलेला मार्च ठरला. उत्तरेतला गहू चिकात असतानाच भाजला. फेब्रुवारीत सरकारचा अंदाज होता 11 कोटी 13 लाख टनांचा, मे महिन्यात तो 10 कोटी 64 लाखांवर आणावा लागला. युक्रेनच्या लढाईने जगात भाव चढलेले होते. पीक घटले, तर निदान चढ्या भावाने भरपाई झाली असती. 13 मे 2022 ला निर्यातबंदी आली. पुढच्या वर्षी, जून 2023 मध्ये, व्यापाऱ्यांच्या साठ्यावरही मर्यादा घातली. गंमत बघा, केंद्राच्या आपत्तीच्या यादीत तेव्हा थंडीची लाट होती, उष्णतेची लाट नव्हती! म्हणजे नुकसान तुमचे, भाव ग्राहकाचा आणि मदत यादीत नाही.

ही गोष्ट पंजाबची म्हणून सोडून देऊ नका. 2025 च्या ऑगस्टमध्ये कापसावरचे 11 टक्के आयात शुल्क माफ झाले आणि ती माफी 31 डिसेंबरपर्यंत वाढवली. नेमका आमचा कापूस घरात येण्याचा काळ! त्याच सप्टेंबरात मराठवाड्यात पावसाने रानेच्या राने पाण्याखाली घातली. बोंड सडले ते अस्मानाने, उरलेल्याचा भाव पाडला तो सुलतानाने.

म्हणून जिल्हा बैठकीत आपण तीन गोष्टी मागायच्या. रब्बीच्या पाण्याच्या पाळ्यांच्या तारखा दसऱ्याच्या आत गावागावात लागल्या पाहिजेत. दाणा भरताना उष्णतेने झालेले नुकसान गारपिटीसारखेच आपत्ती म्हणून धरले पाहिजे. आणि निसर्गाने पीक घटवले त्या वर्षी निर्यातबंदी, साठामर्यादा, आयातमाफी यांपैकी एकही हत्यार उपसायचे नाही.

येताना रिकाम्या हाताने येऊ नका. पेरणीची तारीख, पाणी मिळाल्याची तारीख, एकरी उतारा आणि हातात पडलेला भाव, एवढे चार आकडे वहीवर लिहून आणा. ‘तुम्ही 20 च्या अलीकडेच का?’ असे साहेबांनी पुन्हा विचारले, तर तोंडाने बोलायची गरज नाही. वही पुढे करा.