चाकांवरच्या घराला किती वॅटची सोलर प्लेट?

सोलर प्लेट घ्यायची ठरली की पहिला प्रश्न येतो, "किती वॅटची घेऊ?" हा प्रश्न आपण दुकानदाराला विचारतो. खरे तर तो आधी घरात विचारायचा असतो. दुकानात काय शिल्लक आहे ते दुकानदार सांगेल, पण रात्री आपल्याकडे दिवा किती वेळ जळतो, पंखा किती वेळ फिरतो, हे त्याला कसे ठाऊक असणार?

आज ज्या घराविषयी लिहीत आहोत ते चाकांवर चालणारे घर आहे. परदेशात अशा गाडीला मोटारहोम म्हणतात. आपल्या राज्यानेही २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. ती झाली हौसेची भटकंती. पोटासाठी गाडीत राहणारी कुटुंबे मात्र आपल्याकडे त्याच्या कितीतरी आधीपासून आहेत. टेम्पोवर कापूस पिंजायचे मशीन बसवून गावोगाव गाद्या-उशा भरून देणारे आपले पिंजारी, मन्सुरी भाऊ आपण पाहतोच. पूर्वी खांद्यावर पिंजण असे, आता मशीन आले, पण फिरणे सुटले नाही. बाजारतळावर गाडी लागली की तिथेच चूल, तिथेच अंथरूण. अंधार पडला की शेजारच्या दुकानातून वायर मागायची, नाहीतर मोबाइलच्या उजेडात जेवायचे. मगरिबनंतर मुलांचे दप्तर उघडतच नाही.

लासलगावात आमच्याकडे शिकलेल्या एका मुलाचे वडील याच कामासाठी सल्ला विचारायला आले होते. बचत गटातून कर्ज काढून ते प्लेट घेणार होते. एकाने त्यांना घराच्या छतावरची ५४० वॅटची प्लेट घ्यायला सांगितले होते, तर दुसऱ्याने ४० वॅटची. त्यांच्यासोबत बसून जो हिशेब मांडला तो सर्वांच्या उपयोगाचा आहे. सातवीच्या मुलालाही तो जमेल.

आधी रात्रीचा खर्च लिहा. वॅटला तासांनी गुणायचे, एवढेच. ९ वॅटचे दोन एलईडी दिवे ५ तास : ९०. बॅटरीवर चालणारा १५ वॅटचा छोटा पंखा ८ तास : १२०. दोन मोबाइल : ४०. एकूण २५० वॅट-तास. वीजबिलावरचे एक युनिट म्हणजे १००० वॅट-तास. म्हणजे या कुटुंबाची रात्र पाव युनिटमध्ये निघते! रमजानात सेहरीसाठी दिवा दोन तास जास्त लागेल, ती भर आपापल्या हिशेबात धरावी.

आता घट धरा. धूळ, ऊन, वायर आणि बॅटरी यांत मिळून साधारण चौथा हिस्सा वाया जातो. म्हणून २५० मिळवायचे तर ३३५ तयार झाले पाहिजेत.

मग ऊन मोजा. सूर्य बारा तास दिसला तरी प्लेटला पूर्ण जोराचे ऊन तेवढे तास मिळत नाही. आपल्या नाशिककडे उन्हाळ्यात ते पाच तासांच्या वर जाते, हिवाळ्यात टपावर आडव्या ठेवलेल्या प्लेटसाठी चार धरावेत आणि पावसाळ्यात तीनच धरलेले बरे. हिशेब नेहमी वाईट दिवसाचा करावा, चांगला दिवस आपोआप निभतो. ३३५ भागिले ४ म्हणजे ८४, तेव्हा १०० वॅटची प्लेट पुरे. पावसाळ्यातही फिरणार असाल तर ३३५ भागिले ३ म्हणजे ११२, मग १२५ वॅटची घ्या.

आता ४० वॅटची का नको, हे उघड आहे. चार तासांच्या उन्हात ती १६० वॅट-तास देईल, घट जाऊन हाती १२० उरतील. गरजेच्या निम्मेही नाहीत. दिवा तर लवकर विझेलच, शिवाय रोज अर्धपोटी राहिलेली लेड-अॅसिड बॅटरी लवकर मरते. स्वस्तातली प्लेट अशी महागात पडते.

५४० वॅटचीही नको. ती साडेसात फूट लांब, पावणेचार फूट रुंद आणि २५ किलोपेक्षा जड असते. छोट्या टेम्पोचा टप तिनेच भरेल, मग कापसाचे गाठोडे कुठे ठेवणार? शिवाय ती ४० व्होल्टच्या आसपास चालते आणि गाडीतली बॅटरी १२ व्होल्टची. मध्ये साधा पीडब्ल्यूएम कंट्रोलर लावला तर निम्म्याहून अधिक वीज वाया जाते. एमपीपीटी कंट्रोलर ती वाचवतो, पण तो महाग. म्हणून १२ व्होल्टच्या बॅटरीसाठी बनलेलीच प्लेट मागावी. १२५ वॅटला १० अँपिअरचा कंट्रोलर चालतो.

बॅटरीचेही असेच. २५० भागिले १२ म्हणजे एका रात्रीला २१ अँपिअर-तास. एखादा ढगाळ दिवस धरून ४२. लेड-अॅसिड बॅटरी निम्म्याखाली उतरवू नये, म्हणून ती १०० अँपिअर-तासांची लागेल. लिथियम फॉस्फेटची ५० ची पुरते. ती महाग, पण वजनाला कितीतरी हलकी, आणि गाडीला प्रत्येक किलो डिझेल खायला लावतो.

या प्लेटवर काय चालणार नाही, तेही घरात आधीच सांगून ठेवावे. एक अश्वशक्तीची मोटर तासाला साधारण पाऊण युनिट खाते, म्हणजे तीन रात्रींची वीज. पिंजण्याचे मशीन इंजिनवरच चालू द्या. हजार वॅटची इस्त्री तासभर चालली तर चार रात्री अंधारात जातील.

बसवताना प्लेटखाली वितभर मोकळी जागा सोडा. उन्हाने तापलेली प्लेट कमी वीज देते, वारा खेळला तर फरक पडतो. टपावर बांधलेल्या दोरीची किंवा गाठोड्याची सावली प्लेटच्या एका कोपऱ्यावर पडली तरी वीज खूप घटते. आठवड्यातून एकदा ओल्या फडक्याने धूळ पुसा. बॅटरीजवळ फ्यूज हवाच, कारण कापसाने भरलेल्या गाडीत एक ठिणगीही संकट आणू शकते. प्लेट नटबोल्टने पक्की बसवा आणि टपात फेरफार करायचा असेल तर आधी आरटीओत विचारून घ्या.

एक खुलासा. पीएम सूर्यघर योजनेत १ किलोवॅटला ३०,००० आणि ३ किलोवॅटला ७८,००० रुपयांचे अनुदान मिळते, ते वीजजोडणी असलेल्या घराच्या छतासाठी. गाडीवरच्या प्लेटला ते मिळत नाही. कोणी तसे सांगून पैसे मागत असेल तर देऊ नका.

घर चाकांवरचे असो की विटांचे, हिशेबाची रीत हीच. आज रात्री वहीचे एक पान घ्या. कोणती वस्तू, किती वॅट, किती तास, अशा तीन रकान्यांत मुलांनाच लिहू द्या. अम्मीला विचारून तास भरू द्या, कारण घरात दिवा कधी लागतो आणि कधी मालवतो, हे तिच्याइतके कोणालाच माहीत नसते. ते पान घेऊन दुकानात गेलात, तर कर्जाचा एक रुपयाही फुकट जाणार नाही आणि मगरिबनंतर दप्तर उघडेल.