फरकाचे पैसे

बँकेत असताना सात पैशांच्या फरकापायी आम्ही बदलापूरची लोकल सोडायचो आणि घरी बोलणी खायचो.

आता उल्हासनगरच्या जीन्सवाल्याला ऑनलाइन कंपनीकडून चाळीस विक्रींची एकच रक्कम येते. कमिशन, त्यावरचा १८ टक्के जीएसटी, ०.१ टक्का टीडीएस, परत आलेला माल, सारे वजा होऊन. ही जुळवणी संगणकाने खुशाल करावी. हाताने करण्यात कसला पुरुषार्थ? पण उरलेला फरक आपोआप ‘किरकोळ खर्चा’त टाकण्याचा नियम बसवू नये. अंबरनाथच्या आमच्या एका स्नेह्यांनी तो बसवला. टीडीएस म्हणजे खर्च नव्हे, सरकारकडे जमा झालेले आपलेच पैसे. विवरणपत्रात दाखवले तर करातून वळते होतात. त्यांनी ते दाखवलेच नाहीत.

आता रोज रात्री वहिनी न जुळलेल्या रकमांची यादी घेऊन बसतात, हातात लाल पेन्सिल.