खुर्मा गाव कुणाचं?

शीरखुर्म्यातला खुर्मा म्हणजे खारीक. मी ज्याबद्दल लिहितोय ते अल-खुर्मा नावाचं गाव आहे. अरबस्तानात, ताइफ शहराच्या पूर्वेला, हिजाझचे डोंगर मागे पडून नज्दचं पठार सुरू होतं त्या पट्ट्यात. खजुरीच्या बागा, विहिरी, आणि आसपास उंट-मेंढ्या राखणारे सुबैय टोळीचे लोक. १९१८ साली या गावावरून भांडण पेटलं आणि पुढची पाच-सहा वर्षं लंडन, कैरो, बगदाद आणि सिमल्याचे साहेब हे भांडण नेमकं कशाचं आहे यावर एकमेकांना तारा करत राहिले.

गेले काही आठवडे रात्री जेवणं आटोपली की मी ते कागद वाचतोय. इंडिया ऑफिसची जुनी दप्तरं कतार डिजिटल लायब्ररीत स्कॅन करून ठेवली आहेत, कुणालाही फुकट वाचता येतात. टाइप केलेल्या तारा, समासात शेरे, शेऱ्यांवर दुसऱ्या साहेबाचे शेरे. व्यसन लागतं, आधीच सांगून ठेवतो.

तर भांडणातले दोन पक्ष. एक मक्केचा शरीफ हुसेन. पैगंबरांच्या कुळातला, म्हणून शरीफ. १९१६ मध्ये इंग्रजांच्या भरवशावर त्याने तुर्कांविरुद्ध बंड केलं आणि हिजाझचा राजा झाला. दुसरा नज्दचा अब्दुलअझीझ इब्न सौद. त्याच्याशी इंग्रजांनी डिसेंबर १९१५ मध्ये दारीनला करार केला होता. म्हणजे दोघेही इंग्रजांचे दोस्त, दोघांनाही इंग्रजांकडून पैसा. इब्न सौदला दरमहा ५,००० पौंड, हुसेनला त्याच्या कित्येक पट.

गंमत अशी की दोघांची खाती वेगळी. हुसेनचा कारभार परराष्ट्र खात्याकडे आणि त्यांच्या कैरोतल्या अरब ब्यूरोकडे. इब्न सौदचा इंडिया ऑफिसकडे, म्हणजे हिंदुस्थान सरकार आणि आखातातले त्यांचे अधिकारी. आमच्या धंद्यात एकाच बिघाडाची दोन तिकिटं दोन वेगळ्या टीमकडे गेली, की दोघी आपापल्या क्लायंटची बाजू धरून बसतात आणि बिघाड तिसरीकडेच असतो. इथे तसंच झालं. कैरोच्या कागदात खुर्मा हुसेनचं असतं, कारण कैरोला माहिती हुसेनकडून मिळते. सिमला-बगदादच्या कागदात ते इब्न सौदचं असतं, कारण त्यांना पत्रं इब्न सौदची येतात.

खुर्म्याचा अमीर खालिद बिन लुवै हा स्वतःही शरीफच होता आणि त्याला अमीर केलं होतं हुसेननेच. पण त्याने नज्दचा वहाबी पंथ धरला. हुसेनचा मुलगा अब्दुल्ला याच्याशी त्याचं वाजलं आणि त्याने मक्केचा हुकूम मानणं सोडलं. हुसेनने १९१८ मध्ये त्याच्यावर तुकड्या पाठवल्या, त्या मार खाऊन परत आल्या.

आता साहेबांचा प्रश्न होता, हे गाव कुणाच्या हद्दीत येतं? नकाशा आणा, रेघ मारा. प्रश्न वरवर सरळ वाटतो, पण त्या मुलखात राज्य जमिनीवर नव्हतंच, माणसांवर होतं. टोळी ज्याला जकात देते आणि ज्याच्या काझीचा निवाडा मानते, त्याचं राज्य. (आपल्या जकात नाक्यातली जकात हाच शब्द, आपल्याकडे येताना दानाचा अर्थ गळाला आणि कर तेवढा उरला.) टोळी पाण्यामागे हलली की राज्यही तिच्याबरोबर हलायचं. एका वर्षी जकात एकाला, पुढच्या वर्षी दुसऱ्याला, असंही होई. हुसेन म्हणे, अमीर माझा नेमलेला, म्हणून गाव माझं. इब्न सौद म्हणे, लोक माझ्या पंथाचे, म्हणून गाव माझं. दोघेही आपापल्या परीने खरं बोलत होते. मी वाचलेल्या कागदांत खुर्म्याच्या लोकांना विचारा असं सुचवणारा साहेब मला तरी भेटलेला नाही.

साहेब मूर्ख होते असं मात्र कुणी समजू नये. लॉरिमर नावाच्या अधिकाऱ्याने हिंदुस्थान सरकारसाठी आखाताचं गॅझेटिअर केलं होतं. कोणती टोळी, तिच्या शाखा किती, घरं किती, उंट किती, विहिरी कुठे, सगळं त्यात. हजारो पानांचं काम आहे. इतकी शिस्तीची डेटा एन्ट्री मी आमच्या कंपनीतही पाहिलेली नाही. अडचण अशी की सगळी नोंद टोळी या एका रकान्याभोवती लावलेली होती. टोळी कळली की माणूस कळला, हे गृहीतच.

नेमकं तेच त्या दशकात मोडत होतं. इब्न सौदच्या राज्यात भटक्या बदूंना उंट विकायला लावून गावं वसवून द्यायचं काम सुरू होतं. त्या वसाहतींना हिजरा म्हणत आणि तिथल्या लोकांना इख्वान, म्हणजे भाऊ. हे भाऊ वेगवेगळ्या टोळ्यांचे होते. खुर्म्याच्या बाजूने सुबैयबरोबर कहतान होते, उतैबाही होते, आणि त्याच उतैबा टोळीचे दुसरे लोक हुसेनच्या बाजूने होते. टोळीच्या रकान्यावरून कोण कुणाच्या बाजूने लढेल ते सांगताच येईना. तरी तारांमध्ये इख्वान बराच काळ टोळ्यांची नेहमीची लुटालूट म्हणूनच वावरतात.

मार्च १९१९ मध्ये लंडनला कर्झनच्या अध्यक्षतेखाली बैठक झाली. हा तोच कर्झन, वंगभंगाचा. ठरलं असं की खुर्म्यावर हुसेनचा हक्क मानायचा. लढाई झालीच तर हुसेन जिंकेल, त्याच्याकडे शिकवलेली फौज आहे, तोफा आहेत, असा सैन्याच्या जाणकारांचा हिशोब होता. विरोधी सूर लावला हॅरी फिल्बीने. हा पंजाबात नोकरी केलेला आयसीएस अधिकारी, १९१७ च्या अखेरीस रियाधला जाऊन इब्न सौदला भेटलेला आणि तिथून वाळवंट तुडवत थेट जिद्द्यापर्यंत पोचलेला. त्याचं म्हणणं, इब्न सौद जिंकेल.

फिल्बी बरोबर निघाला म्हणून त्याला द्रष्टा ठरवायची पद्धत आहे. मला ते पटत नाही. तो इब्न सौदवर फिदा होता. पुढे नोकरी सोडून जिद्द्यात धंदा थाटला आणि १९३० मध्ये मुसलमान झाला. आपली टीम जिंकणार असं दर मॅचला म्हणणाऱ्या माणसाचा अंदाज एकदा खरा ठरतोच. पण एक मान्य करायला हवं. बैठकीतल्या लोकांत इब्न सौदची माणसं प्रत्यक्ष पाहून आलेला तो होता.

तिकडे जानेवारीत मदिनेतल्या तुर्की फौजेने शरणागती पत्करल्यामुळे अब्दुल्ला मोकळा झाला होता. मे महिन्यात तो खुर्म्याच्या अलीकडच्या तुराबा गावात फौज आणि तोफा घेऊन उतरला. २५ मेच्या रात्री खालिद बिन लुवै आणि उतैबांचा सुलतान बिन बिजाद यांनी झोपलेल्या छावणीवर हल्ला केला. सकाळपर्यंत हुसेनची ती फौज उरली नाही. अब्दुल्ला अंगावरच्या झोपायच्या कपड्यांनिशी निसटला. हाच पुढे ट्रान्सजॉर्डनचा राजा झाला.

मक्केचा रस्ता आता मोकळा होता. इंग्रजांनी इब्न सौदला मागे फिरायला सांगितलं आणि तो फिरला. खुर्मा आणि तुराबा मात्र त्याच्याकडेच राहिले.

इथून भांडणात हज येतो. नज्दचे लोक हजला येणार म्हणजे हत्यारबंद येणार, यात्रेकरू कोण आणि सैनिक कोण हे मी कसं ओळखू, हा हुसेनचा सवाल. तुराबानंतर तो सवाल अगदीच पोकळ नव्हता. आणि मुसलमानाला मक्केत यायला मनाई करणारा तू कोण, हा नज्दचा. तोही पोकळ नव्हता. पुढच्या वर्षांत नज्दच्या लोकांची हजची वाट बहुतेक अडलेलीच राहिली. ज्याचा धर्मच त्याला आयुष्यात एकदा तरी जा म्हणतो, त्या माणसाला ती वाट हद्दीच्या तंट्यात अडकली म्हणून थांबायला लावणं काय असतं, हे पंढरीची वारी चुकलेल्या घरात वेगळं सांगावं लागणार नाही.

साहेबांना हजची काळजी होतीच, पण ती मुंबईकडून येणारी. ब्रिटिश साम्राज्यात जितके मुसलमान राहत तितके दुसऱ्या कुठल्याच राज्यात नव्हते, आणि हिंदुस्थानातून हजला निघालेल्यांचं मोठं बंदर मुंबई. जिद्द्यात काही बिघडलं की त्याचा पडसाद इथे उमटणार. मध्यवर्ती खिलाफत कमिटीचं ठाणंही मुंबईतच, भायखळ्याला. म्हणून मक्केच्या बाबतीत आपण हात घालतोय असं दिसता कामा नये, ही भीती जवळजवळ प्रत्येक तारेत आहे.

मार्च १९२४ मध्ये तुर्कांनी खिलाफत रद्द केली आणि हुसेनने ताबडतोब स्वतःला खलिफा जाहीर केलं. त्याच वसंतात कुवेतला इंग्रजांनी मांडलेली तडजोडीची परिषद फसली होती आणि इब्न सौदचा मासिक पैसाही थांबला होता. जूनमध्ये रियाधला उलेमा आणि इख्वानांचे म्होरके जमले. तक्रार एकच, आम्हाला हज करू देत नाहीत. सप्टेंबरमध्ये इख्वान ताइफवर गेले. तिथे शहरातले शेकडो लोक मारले गेले. त्यांचा खुर्म्याशी संबंध एवढाच की ते हुसेनच्या राज्यात राहत होते.

हुसेनने इंग्रजांकडे मदत मागितली. उत्तर आलं, हा पवित्र स्थळांवरून चाललेला मुसलमानांचा आपसातला धार्मिक वाद आहे, सरकार यात पडणार नाही.

हे वाचल्यावर मी मागे जाऊन सगळ्या तारा पुन्हा ओळीने लावल्या. १९१८ मध्ये हे टोळ्यांचं भांडण होतं, म्हणजे वाट पाहायची. १९१९ मध्ये हद्दीचा तंटा होता, म्हणजे निवाडा द्यायचा. १९२४ मध्ये धार्मिक वाद झाला, म्हणजे हात झटकायचे. या सहा वर्षांत लोक तेच होते, मागणीही फारशी बदलली नव्हती. मला वाटतं की साहेब आधी काय करायचं ते ठरवत आणि त्याला शोभेल असं भांडणाचं नाव मग लिहीत. बहुधा त्यांनाही ते जाणवत नसावं. एकेक तार सुटी वाचली तर ती पूर्ण प्रामाणिक वाटते.

ऑक्टोबर १९२४ मध्ये हुसेनने राज्य सोडलं. त्याच महिन्यात इख्वान मक्केत शिरले, पण लढत नाही. यात्रेकरूंचा पांढरा इहराम नेसून, उमरा करत. त्यांच्या पुढे होता खुर्म्याचा खालिद बिन लुवै.

पुढच्या वर्षी जिद्दा वेढ्यात होतं. म्हणून १९२५ च्या हजसाठी राबिग, लिथ आणि कुनफुदा या छोट्या बंदरांची वाट उघडी ठेवली गेली. डिसेंबरमध्ये जिद्दा पडलं. पहिल्यांदा इब्न सौदची बाजू घेणाऱ्या खिलाफत कमिटीत मक्का-मदिनेतल्या कबरी पाडल्यावरून फूट पडली आणि अली बंधू त्याच्या विरोधात गेले.

२० मे १९२७ रोजी इंग्रजांनी जिद्द्याला नवा करार केला आणि इब्न सौदला हिजाझ आणि नज्द दोन्हींचा राजा मानलं. ब्रिटिश प्रजेतल्या मुसलमानांना हज सुखरूप करता यावा, असं एक कलम त्यात आहे. इंग्रजांच्या वतीने सही करणारा होता सर गिल्बर्ट क्लेटन. युद्धाच्या काळात कैरोत बसून हुसेनच्या बंडाची सूत्रं हलवणाऱ्यांतला, अरब ब्यूरो उभारणाऱ्यांतला एक.